‘गंमत’ नावाचा टाइप

संपादकांनी निरोप धाडला, ‘‘पेंटरकाका, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं काहीतरी हवं असतं.’’ मी हो म्हणालो, कागद घेऊन बसलो आणि पहिल्याच ओळीला डोकं तापलं. मला ‘गंमत’ हा शब्द सोसत नाही. का सोसत नाही, ते सांगायला बसलो तर सगळंच सांगावं लागेल. तेव्हा संपादकहो, हलकंफुलकं जेवढं आहे तेवढं आधी देऊन टाकतो. पुढचं जसं घडलं तसं लिहिणार. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर परत पाठवा.

मी बोर्ड रंगवायचो. पन्नासच्या दशकात चिंचवड, पिंपरी, देहूरोड आणि पार चाकणच्या बाजारापर्यंत माझी सायकल फिरायची. मागच्या कॅरियरला रंगाचे डबे, दांडीला बांधलेली शिडी आणि खांद्याला ब्रशांची पिशवी. मी मूळचा माण तालुक्यातला. चुलतभाऊ चिंचवडला रेल्वेत होता, त्याच्याकडे आलो आणि इथलाच झालो. नाव नामदेव, पण सगळे नामा पेंटर म्हणत.

बोर्ड कसा रंगवतात, हे आता सांगावं लागतं, कारण तुमच्या डोळ्यांनी तो रंगवताना पाहिलेला नसतो. आधी पत्र्याला सफेदा मारायचा. तो वाळला की सुतळीला खडूची पूड चोळायची, दोन टोकं ताणून धरायची आणि मध्ये चिमटीनं उचलून सोडायची. टण्णकन आवाज होतो आणि पत्र्यावर सरळ रेघ उमटते. वर एक रेघ, खाली एक. त्यांच्या मध्ये खडूनं अक्षरं बसवायची, मग ब्रशनं भरायची. हात थरथरू नये म्हणून डाव्या हातात एक काठी आडवी धरायची आणि उजवं मनगट तिच्यावर टेकवायचं. शेवटी छाया द्यायची, म्हणजे अक्षर पत्र्यावरून उठून उभं राहतं. सगळा धंदा एवढाच. बाकी डोळा आणि दम.

माझं अक्षर मात्र असं सरळ रेघेतलं नव्हतं. ते झालं चिंचवड स्टेशनाजवळच्या एका हॉटेलाच्या भिंतीवर. भिंत ओबडधोबड दगडाची, गिलावा नाही. मालक म्हणाला, ‘‘पत्र्याला पैसे नाहीत, भिंतीवरच लिही.’’ मी रेघ मारली तर ती दगडांच्या खाचांमधून नागमोडी दिसायला लागली. सरळ लिहावं तर तिरकं दिसे. माझा ब्रशही झिजलेला. शेवटी वैतागून घायपाताचं पान ठेचून चुना मारायचा कुंचला करतात तसा एक केला आणि प्रत्येक अक्षर ज्या-त्या दगडावर बसवलं. दगड वर असेल तर अक्षर वर, दगड कलला असेल तर अक्षर कललेलं. शिरोरेघ सलग काढलीच नाही, ज्याची टोपी त्याच्या डोक्यावर. कडा खरखरीत राहिल्या. ‘चहा’ मधला च पोट धरून हसतोय असा झाला आणि ‘भजी’ मधल्या भ नं एक पाय उचलला. मालकानं बघितलं, आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग हसत सुटला. दुसऱ्या दिवशी रस्त्यानं जाणारे ट्रकवाले थांबून वाचत होते.

तेव्हापासून लोक मला ‘तसलं’ अक्षर मागायला लागले. पिंपरी कॅम्पातल्या किशनचंदनं कापडाचं दुकान काढलं. फाळणीत सगळं मागं सोडून आलेला माणूस. मला म्हणाला, ‘‘पेंटर, ऐसा लिखो की दुकान खुश दिखे. हम तो नहीं दिखते.’’ मी त्याचं नाव असं लिहिलं की प्रत्येक अक्षर शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उभं. बोर्ड लागल्यावर तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन बराच वेळ बघत राहिला. चाकणला बाजाराच्या दिवशी तंबूतला सिनेमा यायचा. तिथल्या मॅनेजरनं एका रडक्या सिनेमाचा बोर्ड माझ्याकडून करून घेतला. लोक अक्षरं बघून हसायला म्हणून आत शिरले आणि डोळे पुसत बाहेर आले. एक म्हातारी माझ्याच अंगावर आली, ‘‘मेल्या, फसवलंस की रं!’’ देहूरोडच्या लष्करी मेसमध्ये मात्र माझं जमलं नाही. तिथले साहेब बोर्डाकडे बघून म्हणाले, ‘‘ये अक्षर लाइन में क्यों नहीं खड़े?’’ मी ती सगळी परेडला उभी केली, सलाम ठोकला आणि आलो.

झालं हलकंफुलकं. आता पुढचं.

याच काळात रस्त्याच्या कडेला एकेक कारखाना उभा राहत होता. त्यातला एक पत्र्याचे डबे बनवायचा. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथं याकूब कामाला होता. चिंचवडच्या जुन्या घरातला, माझ्या शेजारचा आणि माझा जिवाभावाचा दोस्त. पत्रा कापायच्या मशीनवर असायचा. मशीन म्हणजे वरून पडणारा लोखंडी ठोकळा. खाली पत्रा सरकवायचा, पायानं पट्टी दाबायची, ठोकळा खाली येतो, कापतो, वर जातो. पत्रा सरकवणारा हात आणि तो ठोकळा यांच्या मध्ये एक लोखंडी जाळी असायला हवी. जाळी असली की हात आत जात नाही. पण जाळी असली की कामही थोडं सावकाश होतं.

याकूबनंच माझं नाव मॅनेजरला सुचवलं. मॅनेजरला कामगारांना सावध करणारे बोर्ड हवे होते. इंग्रजी बोर्ड होते, पण ते वाचणार कोण? मी मोठ्या उत्साहानं लिहून दिलं: ‘दहा बोटं घेऊन आलात, दहा बोटं घेऊन जा.’ त्यातल्या ‘बोटं’ या शब्दाला मी चक्क बोटं काढली होती. कामगार हसले. मॅनेजर खूश झाला. शेडमध्ये, मशीनच्या बरोबर समोर तो बोर्ड लागला.

त्याच सुमाराला पुण्याहून एक गृहस्थ माझ्या घरी आले. भालचंद्रपंत म्हणायचे त्यांना. छापखान्यांना लागणारे खिळे, म्हणजे एकेक अक्षराचे ठसे, तयार करून विकायचा त्यांचा धंदा होता. धोतर, कोट, गोड बोलणं. रस्त्यानं जाताना त्यांनी माझे बोर्ड पाहिले होते. त्यांनी माझ्या घोंगडीवर बसून चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘नामदेवराव, तुमच्या हातात बालगोपाळ नाचतात हो! मला तुमची सगळी मुळाक्षरं एकदा कागदावर काढून द्या. जोडाक्षरं, काना-मात्रा, सगळं. संग्रहाला ठेवीन.’’ आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी नामदेवराव म्हटलं होतं. मी आठवडाभर बसून सगळं काढून दिलं. त्यांनी मला एक विलायती ब्रश भेट दिला आणि पाठीवरून हात फिरवला.

वर्षभरानं चाकणच्या बाजारात तंबूवाल्या मॅनेजरनं माझ्या हातात एक जाहिरात ठेवली. छापील. पण अक्षर माझं! तोच हसरा च, तोच पाय उचललेला भ. मी म्हणालो, ‘‘हे कोणी केलं?’’ तो म्हणाला, ‘‘अरे, नवीन टाइप आलाय बाजारात. लाकडी, मोठा. ‘गंमत’ नाव हाय त्याचं. आता तुझी शिडी नको न् तुझी वाट बघणं नको. दुपारी जुळवला, संध्याकाळी वाटला.’’

त्या दिवशी मला काय वाटलं, ते धड सांगता येत नाही. राग नव्हता अजून. आपलाच फोटो परक्याच्या घरात भिंतीवर टांगलेला दिसावा तसं काहीतरी. हळूहळू तो टाइप सगळीकडे दिसायला लागला. फरसाणाच्या पुड्यांवर, औषधाच्या बाटल्यांवर, बारशाच्या पत्रिकांवर. माझी बायको म्हणाली, ‘‘जाऊ द्या. हात तर तुमच्यापाशीच हाय ना?’’ मी स्वतःची तशीच समजूत घातली.

मग विठ्ठलचा अपघात झाला.

विठ्ठल मावळातला, विशी ओलांडलेला, नुकतं लग्न झालेला. याकूबच्या शेजारच्या मशीनवर होता. मोठी ऑर्डर आली होती, म्हणून मुकादमानं मशीनच्या जाळ्या काढून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. याकूबनं हरकत घेतली तर मुकादम म्हणाला, ‘‘ऑर्डर संपली की परत बसवू.’’ ऑर्डर संपण्याआधीच ठोकळा विठ्ठलच्या उजव्या हातावर पडला. तीन बोटं गेली.

त्या दिवशी मी तिथंच होतो, गोदामाच्या दारावर नंबर टाकत होतो. आरडाओरडा ऐकून धावत शेडमध्ये गेलो. विठ्ठल जमिनीवर बसला होता आणि याकूबनं त्याच्या हाताला स्वतःचा सदरा गुंडाळला होता. मॅनेजर आला. त्यानं आधी हाताकडे बघितलं नाही. बोट वर करून माझ्या बोर्डाकडे दाखवलं आणि ओरडला, ‘‘एवढा मोठा बोर्ड समोर लावलाय! डोळे फुटलेत का तुझे? कंपनीनं आणखी काय करायचं?’’

मी बोर्डाकडे पाहिलं. ‘बोटं’ या शब्दाला मी हौसेनं काढलेली बोटं हवेत हलत होती. सांगतो, एवढा राग मला बापाच्या मरणावरही आला नव्हता. जाळी काढली त्यांनी आणि पुढं केलं माझं अक्षर. पुढं चौकशी झाली तेव्हाही हेच झालं. कंपनीनं सूचना ठळकपणे लावली होती, चूक कामगाराची, असं ठरलं. विठ्ठलला कामावरून काढलं.

याकूब युनियनचा सेक्रेटरी होता. त्यानं सभा घेतली. मागण्या दोनच ठेवल्या: मशीनला जाळ्या बसवा आणि विठ्ठलला हातानं होईल ते काम द्या. कंपनीनं ऐकलं नाही आणि संप झाला. याकूब माझ्याकडे आला.

‘‘नामा, बोर्ड लिहून दे राव.’’

‘‘कसलं अक्षर?’’

‘‘तुझंच. आमच्यातल्या निम्म्या लोकांना वाचता येत न्हाई, पण तुझं अक्षर सगळे ओळखतात. लांबनं दिसलं तरी म्हणतात, आपलं हाय.’’

मी कापड घेतलं, रंग घेतला आणि दिसेल त्या कापडावर लिहीत सुटलो. ‘जाळी द्या, काम घ्या.’ ‘विठ्ठलची बोटं कुणी खाल्ली?’ खरखरीत, वाकडी, नाचरी अक्षरं. पण आता ती हसत नव्हती, दात दाखवत होती. फाटकासमोर ते फलक लागले आणि रोज नवा निरोप मी त्याच अक्षरात लिहून लावायचो: आज सभा कुठं, उद्या मोर्चा कुठं. माणसं फलक बघायची, कोणीतरी वाचून दाखवायचा आणि त्याप्रमाणं सगळे चालायचे. माझ्या अक्षराला इतकी किंमत कधीच आली नव्हती. मला तो अभिमान अजून वाटतो आणि त्याच अभिमानाचा संतापही येतो.

संप लांबला. घराघरांत चुली थंड व्हायला लागल्या, पण कोणी फुटलं नाही. याकूब बोलणी करायला मुंबईला मोठ्या युनियनच्या कचेरीत गेला. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत पत्रकं आली. घराच्या उंबऱ्यांवर, नळावर, किराणा दुकानाच्या फळीवर. मोठ्या अक्षरात छापलं होतं: ‘कामगार बंधूंनो! मागण्या मान्य! संप मागे! कामावर चला!’

अक्षर माझं. म्हणजे ‘गंमत’.

खाली ना युनियनचं नाव, ना छापखान्याचं. पण नळावर मुकादमाचा मेव्हणा उभा होता. त्यानं पत्रक हातात घेतलं, मोठ्यानं वाचलं आणि शेवटी आपल्या तोंडानं ‘आपला, याकूब सेक्रेटरी’ अशी पुस्ती जोडली. बायका रडायला लागल्या, आनंदानं. कोणी साखर वाटली. मी त्या वेळी चाकणला होतो, एका वखारीचा बोर्ड करत होतो. दुपारी परत आलो तर फाटकातून माणसं आत चालली होती.

मी सायकल टाकून धावलो. ‘‘थांबा! कुणी सांगितलं?’’

एकजण म्हणाला, ‘‘तूच लिवलंस न्हवं?’’

‘‘मी नाही लिहिलं!’’

‘‘मग हे अक्षर कुनाचं? तुझ्या बापाचं?’’

फाटक बंद झालं. आत गेलेल्यांकडून पुन्हा संप करणार नाही, असं लिहून घेतलं आणि अंगठे उठवले. जाळ्या नाहीत. विठ्ठलला काम नाही. संध्याकाळी याकूब मुंबईहून परतला तेव्हा त्याला कळलं की आपण संप मागे घेतलाय. त्याला आणि कमिटीतल्या सगळ्यांना कंपनीनं आत घेतलंच नाही.

मी पत्रक घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘तू न्हाई लिवलंस, मला ठाऊक हाय. पण बाकीच्यांना कसं सांगशील?’’

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी मी फाटकासमोर उभा राहिलो. एका हातात पत्रक, दुसऱ्या हातात माझा कापडी फलक. ओरडून सांगितलं, ‘‘बघा! ह्या पत्रकात क दोन वेळा आलाय आणि दोन्ही क अगदी सारखे. एकाच ठशाचे! माझ्या फलकावरचा एक तरी क दुसऱ्यासारखा आहे का बघा! हातानं काढलेलं अक्षर पुन्हा तसंच येत नाही!’’

दोघं-तिघं थांबले, वाकून बघितलं आणि माना हलवल्या. एक म्हातारा कामगार म्हणाला, ‘‘खरं हाय रं पोरा. पर आता अंगठा उठवून बसलोय.’’ बाकीचे जेवणाचे डबे हलवत निघून गेले. एकजण माझ्या पायाजवळ थुंकला. मी खरं सांगत होतो आणि त्या खऱ्याचा दमडीचा उपयोग नव्हता.

मी पुणं गाठलं. भालचंद्रपंत गादीवर बसले होते. मी पत्रक त्यांच्यासमोर आपटलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसानं काय म्हणावं? ‘‘छपाई चांगली आलीय हो. शाई जरा जास्त झाली.’’

‘‘पंत, ह्या कागदानं माणसं देशोधडीला लागली.’’

ते शांतपणे म्हणाले, ‘‘नामदेवराव, मी खिळे विकतो. घेणारा त्यातून काय जुळवतो, त्याला मी काय करणार? विळ्यानं कोणी काय कापलं, हे लोहाराला विचारतात का?’’

‘‘विळ्यावर लोहाराचं तोंड नसतं. ह्याच्यावर माझं तोंड आहे.’’

‘‘पण ही अक्षरं तुम्ही स्वखुशीनं दिलीत.’’

‘‘संग्रहाला दिली होती!’’

‘‘मग संग्रहच आहे की हा. आज शंभर छापखान्यांत आहे. तुम्हाला आनंद व्हायला हवा. लहान मुलांना किती आवडतो हा टाइप! म्हणून तर नाव ‘गंमत’ ठेवलं.’’

माझा हात उठला होता. त्यांच्या माणसांनी मला धरून बाहेर काढलं. पिशवीत त्यांनी दिलेला विलायती ब्रश होता. तो त्यांच्या पायरीवर मोडून टाकला आणि चालत स्टेशनावर आलो. पत्रक कोणी छापून घेतलं, हे कधीच सिद्ध झालं नाही. कोणाच्या फायद्याचं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण कळणं आणि सिद्ध होणं यात जे अंतर असतं, त्यातच कंपन्या उभ्या राहतात.

थोड्याच दिवसांनी मला त्याच कारखान्यातून बोलावणं आलं. मॅनेजर म्हणाला, ‘‘पेंटर, शेडमधल्या बोर्डाचा रंग उडालाय. पाहणीला लोक येणार आहेत. जरा गिरवून द्या. झालं ते झालं, कामाशी काम.’’

मी शिडी घेऊन गेलो. दिवसाची शिफ्ट चालू होती. मशीनला जाळी नव्हती. विठ्ठलच्या जागी दुसरा पोरगा बसून पत्रा सरकवत होता. मी शिडी लावली, वर चढलो, डब्याचं झाकण उघडलं. डब्यात काळा रंग होता. मोठा ब्रश बुडवला आणि ‘दहा’ वरून फिरवला. मग ‘बोटं’ वरून. खालची मशीनं एकेक करत थांबली. अर्धा बोर्ड काळा झाला तेव्हा मॅनेजर धावत आला.

‘‘काय चाललंय? ही कंपनीची वस्तू आहे!’’

‘‘वस्तू तुमची. अक्षर माझं. आधी जाळी लावा, मग फुकट लिहून देतो.’’

‘‘खाली उतर!’’

‘‘थोडंच राहिलंय साहेब.’’

वॉचमननं शिडी ओढली तोवर बोर्ड पूर्ण झाला होता. मला पोलीस चौकीत नेऊन दिवसभर बसवून ठेवलं. फौजदारानं शेवटी विचारलं, ‘‘तू चोरी काय केलीस?’’ मी म्हणालो, ‘‘साहेब, मी माझं स्वतःचं परत घेतलं.’’ तो हसला आणि त्यानं मला सोडून दिलं. जाळ्या पुढं आल्या, सरकारी माणसाची पाहणी झाल्यावर. पण त्याआधी त्या पोरग्याचा अंगठा गेला होता. हे लिहितानाही माझं मस्तक फिरतं.

याकूबनं देहूरोडला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. विठ्ठलनं कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी घातली. तो माझ्याशी बोलत नव्हता. मी चहा मागितला तर द्यायचा, पण कप आपटून. एके दिवशी मला राहवलं नाही. तेच पत्रक आणि तोच फलक घेऊन गेलो. म्हटलं, ‘‘विठ्ठल, एकदा बघ. हे दोन्ही क सारखे आहेत की नाहीत?’’

त्यानं बघितलंसुद्धा नाही.

‘‘मला क बी कळत न्हाई अन् ख बी कळत न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाचता येत न्हाई, पेंटर. मी तुझं अक्षर वाचत न्हवतो, वळखत हुतो. बापाचा आवाज वळखून दार उघडावं, तसं. दार उघडलं अन् भाईर दुसराच हुबा. आता तू कितीबी सांग, माझं दार तर उघडलं ना?’’

इतक्या दिवसांत पंतांवर, मॅनेजरवर, मुकादमावर, फाटकातून आत गेलेल्यांवर चिडलो होतो. या माणसावर चिडायला जागाच नव्हती. तोच चिडला होता. चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढत म्हणाला, ‘‘आसं गप काय बसलास? शिकव की मग. पर तुझ्या त्या नाचऱ्या अक्षरात न्हाई. सरळ अक्षरात शिकव.’’

मी पाटी आणली. दुपारी टपरीवर गिऱ्हाईक नसायचं तेव्हा बसायचो. उजव्या हातात खडू धरता येईना, म्हणून तो डाव्या हातानं लिहायचा. खडू मोडायचा, तोंडातून शिव्या घालायचा, पाटी आपटायचा, पुन्हा घ्यायचा. मीही काही प्रेमळ मास्तर नव्हतो. चुकला की ओरडायचो. आमचं शिकणं शिकवणं म्हणजे भांडणच होतं. हळूहळू शिफ्ट सुटलेले दोघं-चौघं बाजूला बसायला लागले. काही दिवसांनी मला एकच पाटी पुरेना.

नंतर एकदा कारखान्यात ओव्हरटाइमवरून धुसफूस सुरू झाली. नवी कमिटी झाली होती. आणि एके सकाळी, मी टपरीवर चहा पीत असताना, फाटकाबाहेर पुन्हा पत्रकं आली. पुन्हा ‘गंमत’. आत जाणारी माणसं थबकली. कोणीतरी पत्रक उचललं, उलटसुलट केलं आणि सवयीनं माझ्याकडे बघायला लागलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात विठ्ठल टपरी सोडून पुढं आला. त्यानं पत्रक ओढून घेतलं आणि उजव्या हाताचं अंगठ्याखेरीज उरलेलं एक बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

‘‘का... म... गा... र...’’

तो वाचत राहिला. जोडाक्षराला अडखळायचा, मागं जायचा, पुन्हा धरायचा. मुकादम फाटकातून म्हणाला, ‘‘आण इकडं, मी सांगतो काय लिहिलंय.’’ विठ्ठलनं मान वर केली नाही. एकजण मुकादमाला म्हणाला, ‘‘थांबा की हो. त्यो वाचतोय न्हवं?’’ दोनशे माणसं रस्त्यावर उभी राहून एका चहावाल्याचं वाचन ऐकत होती. ओव्हरटाइमचा तंटा कमिटीनं मिटवला, असं त्यात होतं. विठ्ठल शेवटच्या ओळीपर्यंत गेला. मग कागद उलटा केला, मागं बघितलं, पुन्हा सुलटा केला.

‘‘कमिटीनं मिटवला, तर कमिटीतल्या कुनाचं नाव हाय? सही कुनाची? छापलं कुनी?’’ त्यानं विचारलं.

‘‘नाव न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘ह्ये कुनाचंच न्हाई.’’

त्यानं पत्रक सोडून दिलं. लोकांनी आपापल्या हातातली पत्रकं टाकली आणि ते कमिटीच्या माणसाला शोधायला निघाले. सगळा रस्ता त्या कागदांनी भरला होता. त्यावर माझा च होता, माझा भ होता, टोपी वाकडी घातलेली माझी सगळी अक्षरं होती आणि माणसं चपला घालून त्यांच्यावरून चालत होती. मीही निघालो. वाट काढत, कागद चुकवत नाही गेलो. नीट पाय देत गेलो.